वसंताची सुरुवात कोणत्या घटनेने मोजावी?

दर वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ‘आज वसंत ऋतू सुरू झाला’ असे जाहीर होते आणि सोबत मिनिटापर्यंतची वेळही दिलेली असते. २०२५ साली ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार २० मार्चला सकाळी ९ वाजून १ मिनिट होती, तर २०२६ साली ती त्याच तारखेला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांवर येते. इतकी काटेकोर वेळ समोर आली की प्रश्न निकालात निघाला असे वाटते. मला मात्र तो तिथेच सुरू होतो असे वाटते, कारण वसंत कधी सुरू झाला या एका प्रश्नात तीन निराळे प्रश्न मिसळलेले आहेत: सूर्य आकाशात कुठे आहे, हवा किती तापली आहे आणि झाडे, कीटक, पक्षी काय करीत आहेत. यांपैकी ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला हवे असेल, त्यानुसार वसंताचा पहिला दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून थेट मे महिन्यापर्यंत कुठेही पडू शकतो. (या लेखातील महिने उत्तर गोलार्धाचे आहेत, दक्षिण गोलार्धात हेच सारे सहा महिन्यांच्या फरकाने घडते, तिथला वसंत सप्टेंबरात येतो.)

सर्वांत परिचित व्याख्या वसंत संपाताची. सूर्याचा भासमान वार्षिक मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त, आणि पृथ्वीचे विषुववृत्त आकाशात वाढवले की मिळते ते खगोलीय विषुववृत्त. ही दोन वर्तुळे दोन बिंदूंत छेदतात. सूर्याचा मध्य दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना ज्या क्षणी या छेदनबिंदूवर येतो, त्या क्षणी त्याचे सायन भोग (या बिंदूपासून क्रांतिवृत्तावर मोजलेले कोनीय अंतर) शून्य अंश असते आणि तोच वसंत संपात. हा क्षण साऱ्या पृथ्वीसाठी एकच असतो. ऋतुचक्राचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे असल्यामुळे तो दर वर्षी सुमारे पावणेसहा तासांनी पुढे सरकतो आणि लीप वर्षात पुन्हा मागे खेचला जातो. म्हणून तारीख १९ ते २१ मार्च यांच्या दरम्यान हलत राहते. ज्युलियन पंचांगाने वर्ष ३६५.२५ दिवसांचे धरले होते. वर्षाला सुमारे अकरा मिनिटांची ही चूक १२८ वर्षांत एका दिवसाएवढी होते, आणि ती साचत साचत सोळाव्या शतकात संपात ११ मार्चच्या आसपास येऊन ठेपला. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणून दहा दिवस गाळले, ते संपात पुन्हा २१ मार्चच्या जवळ आणण्यासाठीच. आज जगभर वापरले जाणारे कॅलेंडर वसंत संपाताला जागेवर धरून ठेवण्याच्या खटपटीतून घडले आहे, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे तथ्य वाटते.

या व्याख्येभोवती एक गैरसमज घट्ट चिकटलेला आहे. संपाताच्या दिवशी दिवस आणि रात्र अगदी समान असतात, असे पाठ्यपुस्तकांतही सांगितले जाते. प्रत्यक्षात सूर्योदय आपण सूर्याच्या वरच्या कडेपासून मोजतो आणि वातावरणातील अपवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश वाकल्यामुळे, सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. सूर्यबिंबाची त्रिज्या सुमारे १६ कला (६० कला म्हणजे एक अंश) आणि क्षितिजाजवळचे अपवर्तन सुमारे ३४ कला धरले, तर उदयाच्या वेळी सूर्याचा मध्य क्षितिजाच्या ५० कला खाली असतो. त्यामुळे त्या दिवशी विषुववृत्तावरसुद्धा दिवस रात्रीपेक्षा लांब असतो. खरी समानता मध्य अक्षांशांवर संपाताच्या तीन-चार दिवस आधी येऊन गेलेली असते.

दुसरी गोष्ट ऋतूंच्या लांबीची. संपात आणि अयनबिंदू (सर्वांत लांब आणि सर्वांत लहान दिवसाचे क्षण) यांनी वर्षाचे चार भाग केले की ते सारखे असतील अशी आपली अपेक्षा असते, पण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे ते सारखे नसतात. पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा ती वेगाने धावते. म्हणून उत्तरेचा हिवाळा सुमारे ८९ दिवसांचा, वसंत ९२.८ दिवसांचा आणि उन्हाळा ९३.६ दिवसांचा होतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसने वसंत साडेचौऱ्याण्णव दिवसांचा आणि उन्हाळा साडेब्याण्णव दिवसांचा मोजला होता, म्हणजे त्याच्या काळी वसंत हा सर्वांत लांब ऋतू होता. कक्षेचा सूर्यासमीपचा बिंदू संपाताच्या संदर्भात हळूहळू सरकतो. सुमारे १२४६ साली तो हिवाळ्याच्या अयनदिनाशी जुळला, तेव्हा वसंत आणि उन्हाळा समान लांबीचे झाले, आणि तेव्हापासून वसंत आखूड होत आला आहे. आकाशातील व्याख्यासुद्धा सर्वस्वी स्थिर नसते, हे यावरून दिसते.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. संपात हा वसंताचा आरंभ का मानावा? तो मध्य का नसावा? पन्नास अंश उत्तर अक्षांशावर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस रोज जवळपास चार मिनिटांनी वाढत असतो, आणि वर्षातील वाढीचा हा सर्वाधिक वेग असतो. वसंत म्हणजे प्रकाश वाढण्याचा काळ असे मानले, तर संपात त्या काळाच्या बरोबर मध्यावर पडतो. चिनी परंपरेने हेच केले: सूर्याचे भोग ३१५ अंश होते तेव्हा, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे वसंत सुरू होतो आणि संपात त्याच्या मध्यभागी येतो. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी हा वसंताचा पहिला दिवस मानण्याची परंपरा आहे, तिच्यामागेही हीच मांडणी दिसते. सूर्यसिद्धान्त या प्राचीन भारतीय खगोलग्रंथातील ऋतू मकर संक्रमणापासून दोन-दोन राशींचे आहेत. शिशिर मकर-कुंभाचा आणि वसंत मीन-मेषाचा. तिथेही मेषारंभाचा संपात वसंताच्या मध्यावर आहे, आणि सायन गणनेने वसंत १९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो.

राशींवरून ऋतू मोजण्यात एक अडचण मात्र आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात दर बहात्तर वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो. ज्यांनी राशी ताऱ्यांशी बांधून ठेवल्या, त्यांचा मेषारंभ आता १४ एप्रिलच्या आसपास पोहोचला आहे आणि ऋतूंपासून तो आणखी दूर जात राहणार आहे. ऋतू सूर्य आणि पृथ्वीच्या अक्षावर अवलंबून असतात, ताऱ्यांवर नाही. त्यामुळे ऋतू सांगण्यासाठी सायन गणनाच योग्य, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीनेही १९५५ च्या अहवालात वर्ष ऋतूंशी बांधण्याची भूमिका घेतली. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत १ चैत्र संपाताच्या लगत ठेवला आहे, त्यामागे हेच कारण आहे. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, हे समीकरण चांद्र महिन्यांवर बसवले की अधिक मासामुळे ऋतूचा आरंभ जवळपास महिनाभर मागेपुढे होतो, हेही इथेच नोंदवायला हवे.

आता हवेकडे वळू. सूर्याचा प्रकाश वाढू लागला तरी जमीन आणि विशेषतः समुद्र तापायला वेळ लागतो, म्हणून वर्षातील सर्वांत थंड काळ सर्वांत लहान दिवसानंतर साधारण महिनाभराने येतो, आणि समुद्राजवळ त्याहूनही उशिरा. हवामानशास्त्रज्ञ वसंत १ मार्चपासून धरतात, त्याला या विलंबाचा आधार आहे. पण खरे कारण सोयीचे आहे. १७८० साली मानहाइम येथे स्थापन झालेल्या सोसिएटास मेटिऑरॉलॉजिका पॅलाटिना या संस्थेने पूर्ण तीन महिन्यांचा एक ऋतू अशी विभागणी स्वीकारली, आणि तेव्हापासून सरासऱ्या काढणे आणि एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करणे सोपे झाले. सोयीसाठी केलेली व्याख्या म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मार्च ते मे या काळाचे शंभर वर्षांचे तापमान तपासायचे असेल तर मोजपट्टी हलता कामा नये. मात्र ही विभागणी सगळीकडे लागू पडत नाही. भारतीय हवामान विभाग वर्षाचे हिवाळा, मान्सूनपूर्व काळ, मान्सून आणि मान्सूनोत्तर काळ असे चार भाग करतो आणि त्यांत वसंत नावाचा ऋतूच नाही. उष्ण कटिबंधात वर्षाचे स्वरूप पावसाने ठरते, त्यामुळे तिथे समशीतोष्ण प्रदेशातील वसंत शोधणे मुळातच चुकीचे ठरते.

स्वीडनच्या हवामान संस्थेने तारीख सोडून तापमान धरले. दैनिक सरासरी तापमान सलग सात दिवस शून्य अंश सेल्सिअसच्या वर राहिले, की त्या सात दिवसांतील पहिला दिवस हा त्या ठिकाणचा वसंतारंभ. या नियमाने वसंत देशाच्या दक्षिण टोकाला सहसा फेब्रुवारीत पोहोचतो आणि उत्तरेकडच्या डोंगराळ भागात मे महिन्यात. मला ही व्याख्या फार आवडते, कारण तिच्यात वसंत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी प्रवास करतो आणि एखाद्या वर्षी लवकर किंवा उशिरा येऊ शकतो. पण तिलाही कॅलेंडरचा आधार घ्यावा लागलाच: १५ फेब्रुवारीच्या आधी वसंत सुरू झाल्याचे मानायचे नाही अशी अट तिच्यात आहे. ती नसती तर जानेवारीतील एखाद्या उबदार आठवड्यालाही वसंत म्हणावे लागले असते. चीनमध्ये पाच दिवसांची सरासरी १० अंशांच्या वर गेली की वसंत आणि २२ अंशांच्या वर गेली की उन्हाळा, असा निकष वापरतात. शून्य आणि दहा अंश या दोन उंबरठ्यांत केवढे अंतर आहे! ज्या हवेला स्वीडनमध्ये वसंत म्हणतात, तिला चिनी निकषाने अजून हिवाळाच म्हणावे लागेल.

तिसरा मार्ग सजीवांकडे पाहण्याचा आहे, आणि त्याच्याइतका विलक्षण नोंदींचा साठा दुसऱ्या कोणत्याही मार्गाकडे नाही. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली: ओकची पहिली पाने, बेडकांचे पहिले ओरडणे, पाकोळ्यांचे आगमन. त्यांच्या घराण्यातील पुढच्या पिढ्यांनी हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या पूर्ण बहराच्या तारखा जुन्या रोजनिशा आणि बखरींमधून नवव्या शतकापर्यंत मागे नेता येतात. २०२१ साली हा बहर २६ मार्चला आला आणि १४०९ सालचा २७ मार्चचा विक्रम मोडला. जपानचा हवामान विभाग ठरलेल्या नमुना-झाडावर पाच-सहा फुले उमललेली दिसली की त्या शहरात चेरी फुलू लागल्याचे जाहीर करतो. जर्मनीच्या हवामान सेवेने तर वर्षाचे दहा ऋतू केले आहेत आणि त्यांत वसंतच तीन आहेत: हेझेल फुलली की पूर्ववसंत, फोर्सिथिया फुलली की पहिला वसंत आणि सफरचंदाला फुले आली की पूर्ण वसंत. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ साली एक ढोबळ नियम मांडला: एक अंश उत्तरेकडे किंवा ४०० फूट उंच गेले की वसंताच्या घटना सुमारे चार दिवस उशिरा घडतात. आज त्या नियमाला अनेक अपवाद सापडले आहेत, पण वसंत ही नकाशावर रेषेने दाखवता येणारी गोष्ट आहे ही त्यातली दृष्टी मला अजूनही मोलाची वाटते.

या सर्वांत निवड करायची झाली, तर मी त्या व्याख्येच्या बाजूने आहे जिच्यात वसंत चुकू शकतो, म्हणजे अपेक्षेपेक्षा आधी किंवा नंतर येऊ शकतो. संपाताची वेळ शंभर वर्षे आधी काढता येते आणि १ मार्च तर काढावाही लागत नाही. म्हणूनच या दोन्हींवरून पृथ्वीवर काय बदलले हे कळू शकत नाही. बदल मोजायला त्या पट्टीसारख्या उपयोगी पडतात, पण जे मोजायचे ते मात्र फुलण्याची, पालवीची आणि तापमानाची तारीख असते. हवामान बदलामुळे समशीतोष्ण प्रदेशांत वसंताच्या खुणा आधी दिसू लागल्या आहेत, हे आपल्याला कळले ते मार्शमसारख्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वही भरत ठेवली म्हणून.

शिवाय व्याख्यांचा हा भेद केवळ माणसांच्या कागदावरचा नाही. पाइड फ्लायकॅचर हा छोटा माशीमार पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि विणीसाठी युरोपच्या जंगलांत येतो. तिकडे असताना त्याला युरोपातील हवा कळण्याचा मार्ग नाही. प्रवासाला कधी निघायचे हे तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने, ठरवतो. त्याची पिल्ले ज्या सुरवंटांवर वाढतात, ते मात्र तापमानाच्या हिशेबाने चालतात आणि वसंत उबदार झाल्यावर आधी येऊ लागले. नेदरलँड्समध्ये १९८० ते २००० या काळात असे आढळले की हे पक्षी पोहोचल्यावर पूर्वीपेक्षा लवकर अंडी घालू लागले, सुमारे दहा दिवसांनी लवकर, पण त्यांचे आगमन लवकर झाले नाही आणि सुरवंटांचा बहर त्यांच्या पुढे निघून गेला. ज्या जंगलांत हा बहर सर्वांत आधी येत होता, तिथे या पक्ष्यांची संख्या सुमारे दोन दशकांत जवळपास ९० टक्क्यांनी घटली.