अमृतसरची ती अरुंद गल्ली

गोल्डन टेम्पल मेलमध्ये बसल्यापासून टिळकांचा एकच मथळा मनात घोळत होता : ‘उजाडले, पण सूर्य कोठे आहे?’ भारतीयांना राज्यकारभारात थोडा वाटा देऊ करणाऱ्या ब्रिटिशांच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवरचा ‘केसरी’तला हा अग्रलेख शाळेपासून ऐकलेला. डिसेंबर १९१९ मध्ये याच सुधारणांचं काय करायचं, हे ठरवायला टिळक अमृतसरच्या काँग्रेसला आले होते. तेव्हापासून शहर बदललं असणारच, तरी मला ते पाहायचं होतं.

हॉल गेटातून शिरलो आणि हॉल बाजारातून चालत जालियनवाला बागेपाशी पोहोचलो. आत जायची गल्ली इतकी चिंचोळी की डायरच्या दोन चिलखती गाड्या तिच्यात शिरल्या नाहीत. २०२१ च्या नूतनीकरणात तिच्या भिंतींवर माणसांची शिल्पं बसवली आहेत. मला ती मुळीच आवडली नाहीत. उघड्या विटाच पुरेशा होत्या.

१३ एप्रिल १९१९. बैसाखीचा दिवस. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या, आणि सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत. गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. मग विहीर पाहिली, आणि बोलवेना.

बाहेर बाकावर टेकलो तेव्हा पाठ्यपुस्तकातले दोन कोरडे शब्द आठवले : सोपीव खाती आणि राखीव खाती. या गोळीबारानंतर आठ महिन्यांनी, २३ डिसेंबरला, सुधारणांचा कायदा मंजूर झाला. प्रांतांतलं शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य लोकांना जबाबदार मंत्र्यांकडे सोपवलं. पोलीस, न्याय, जमीनमहसूल गव्हर्नरच्या हाती राखीव. परीक्षेपुरती पाठ केलेली ही वाटणी त्या गल्लीच्या तोंडाशी बसून मला पहिल्यांदा कळली. शाळा, दवाखाना तुम्ही बघा, बंदूक आमच्याकडे राहील.

कायदा मंजूर होऊन आठवडाही उलटला नव्हता, तोच मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली याच शहरात काँग्रेस भरली. चित्तरंजन दासांना सुधारणा झिडकारायच्या होत्या. गांधीजींना त्या राबवून पाहाव्यात असं वाटत होतं, आणि ठरावात ‘निराशाजनक’ हा शब्द त्यांना नको होता. टिळकांची भूमिका प्रतियोगी सहकारितेची : मिळालं ते पदरात घ्या, उरलेल्यासाठी भांडा, सरकार जितकं सहकार्य देईल तितकंच आपण द्या. शेवटी ‘निराशाजनक’ हा शब्द राहिला आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यू यांचे आभारही मानले गेले. गोळीबार झालेल्या गावात ते आभार मानताना कितीजणांच्या घशाशी आवंढा आला असेल!

नव्या कायद्याखालच्या पहिल्या निवडणुका १९२० च्या अखेरीस झाल्या. गांधीजी तोवर असहकाराकडे वळले होते, आणि टिळक १ ऑगस्टलाच गेले होते.