चिकित्सा समितीकडे पाठवा: विधेयकवाचनाची रोजनिशी

सोमवार

दुरुस्ती विधेयक हातात आले की ते मागून पुढे वाचावे. पर्वरीला, गोवा विधानसभेत, मांडल्या जाणाऱ्या विधेयकाच्या शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन असते, वित्तीय ज्ञापन असते, नियम करण्याचे अधिकार कुठल्या कलमाने सरकारकडे जातात ते सांगणारे ज्ञापन असते आणि मूळ कायद्यातील बदलणाऱ्या कलमांचा उतारा असतो. एवढे वाचून मग कलमांकडे वळले, की सांगितलेले आणि लिहिलेले यांतली तफावत लगेच डोळ्यांत भरते. निवेदनात ‘लहान घरांना दिलासा’ असतो, कलमात घराच्या आकाराला मर्यादाच नसते. वित्तीय ज्ञापन म्हणते तिजोरीवर भार नाही, आणि कलमात नवे प्राधिकरण, त्याचा सचिव, कर्मचारी असा सारा पसारा असतो. हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीतूनच जाणार. तसे असेल तर अनुच्छेद 207 प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय विधेयक मंजूर करता येत नाही. हा मुद्दा चिकित्सा समितीत, म्हणजे विधेयक कलमवार तपासणाऱ्या आमदारांच्या समितीत, पहिल्याच बैठकीला काढावा, कारण शेवटी काढला तर सगळे काम अडते.

गोव्यात विधान परिषद नाही. 40 आमदारांची एकच विधानसभा, त्यामुळे इथे सुटलेली चूक वरच्या सभागृहात कोणी पकडेल ही सोय नाही. विधेयक मांडले गेले की पुढे तीन वाटा असतात. ते लगेच विचारात घ्यायचे, चिकित्सा समितीकडे पाठवायचे, किंवा लोकांचे मत अजमावण्यासाठी प्रसृत करायचे. बहुतेक विधेयके पहिल्या वाटेने जातात. अधिवेशन लहान, विधेयकांची गर्दी शेवटच्या दिवसांत, आणि ज्याच्या हातात सकाळी प्रत पडली त्याने दुपारी त्यावर बोलायचे. अशा वेळी विरोधी बाकांवरून ‘चिकित्सा समितीकडे पाठवा’ ही मागणी येते आणि आवाजी मतदानात वाहून जाते.

माझे मत ठाम आहे. निदान जमिनीला हात लावणारे प्रत्येक विधेयक समितीकडे गेलेच पाहिजे. गोव्याची जमीन थोडी, तिच्यावरच्या हक्कांचे प्रकार मात्र अनेक, आणि ते सगळे एका सकाळीत कोणाच्याही डोक्यात बसत नाहीत.

मंगळवार

30 जुलै 2021 ची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. तीन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस. गोवा भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक त्या दिवशी मंजूर झाले. 30 वर्षे गोव्यात राहिलेली व्यक्ती भूमिपुत्र, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वी बांधलेल्या 250 चौरस मीटरपर्यंतच्या घरावर तिला मालकी मागता येईल, असा त्याचा गाभा होता. निर्णय उपजिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने करायचा. बाहेर संताप उसळला. काही दिवसांतच मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी नावातला ‘भूमिपुत्र’ हा शब्द काढण्याचे जाहीर केले, आणि विधेयक राज्यपालांच्या संमतीसाठी पाठवणार नसल्याचेही सांगितले.

पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहिलेल्या माणसाचा प्रश्न खरा आहे. छप्पर दुरुस्त करायला परवाना मिळत नाही, घर गहाण ठेवता येत नाही, पावसात भिंत पडली तर ती परत उभारतानाही भीती. म्हणूनच त्याच्यासाठीचा कायदा पक्का हवा होता. समितीच्या खोलीत कोणीही विचारले असते: 30 वर्षे सलग की मध्ये खंड चालेल? पुरावा कोणता धरायचा, शिधापत्रिका, वीजबिल की मतदार यादी? तारीख बांधकामाची धरायची की घरपट्टी लागल्याची? पंचायतीने घराला क्रमांक दिला असेल पण परवाना नसेल तर? 250 चौरस मीटर म्हणजे जोत्याचे क्षेत्र, की सगळ्या मजल्यांचे, की अंगण धरून? एकेक प्रश्न म्हणजे पुढे मामलेदाराच्या कचेरीत पडून राहणारी शेकडो प्रकरणे. ते सोडवण्याची जागा समिती आहे.

गुरुवार

व्याख्यांचे कलम. समितीत सर्वांत जास्त वेळ याला द्यावा, आणि तोही शेवटी द्यावा. बाकीची कलमे ठरल्याशिवाय व्याख्येला किती रुंद करायचे ते कळत नाही, म्हणून सुरुवातीला ते कलम राखून ठेवून पुढे जाण्याची पद्धत आहे. सभागृहातही पहिले कलम, अधिनियमन सूत्र (‘विधानसभा पुढील अधिनियम करीत आहे’ अशी ओळ) आणि शीर्षक शेवटीच मताला टाकतात.

व्याख्येत काय घडू शकते याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण माडाचे. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून 2016 मध्ये माड वगळला गेला, आणि माड तोडायला त्या कायद्याखालच्या परवानगीची गरज उरली नाही. दंडाचे कलम तसेच, परवानगीची पद्धत तशीच, बदलली ती फक्त व्याख्या. ओरड झाली आणि 2017 मध्ये माड परत व्याख्येत आला. दुरुस्ती विधेयक एका पानाचे असले तर ते किरकोळ समजू नये, ते यासाठी.

जमिनीच्या विधेयकात अशी जागा म्हणजे ‘मालक’. मसुदा करणाऱ्याला सोपे वाटते ते एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर ज्याचे नाव त्याला मालक म्हणणे. 1968 च्या भूमहसूल संहितेच्या कलम 105 प्रमाणे त्या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानायच्या असतात, त्यामुळे आधारही मिळतो. पण गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. उताऱ्यावर नवऱ्याचे एकट्याचे नाव असले तरी बायको अर्ध्या वाट्याची धनीण. स्थावर विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. विधेयकाने मात्र ‘मालकाला नोटीस द्यावी’ एवढेच म्हटले, तर तिला नोटीसच जात नाही. वडील वारून वर्षे झाली आणि इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची प्रक्रिया, झाली नसेल, तर उताऱ्यावर अजून वडिलांचेच नाव. नोटीस मृताच्या नावाने निघते, ती कोणी घेत नाही, हरकतीची मुदत उलटते, आणि म्हापशात, मुंबईत, लिस्बनमध्ये असलेल्या वारसांना कळेपर्यंत आदेश झालेला असतो.

पुढे जावे तसा गुंता वाढतो. कोमुनिदादची, म्हणजे जुन्या गावसंस्थेची, जमीन आहे तिथे 15 एप्रिल 1961 चा विधिविषयक डिप्लोमा क्रमांक 2070, म्हणजे कोमुनिदाद संहिता, लागू. जमीन गावकारांच्या संस्थेची, कोणा एकाची नव्हे. देवस्थानची असेल तर 1933 चे देवस्थान विनियम आणि महाजन, म्हणजे देवस्थानचे हक्कदार सदस्य. सत्तरीत मोकासोचा, म्हणजे पूर्वीच्या राजवटींनी इनाम दिलेल्या जमिनीचा, प्रश्न, जिथे पिढ्यान्‌पिढ्या काजू-भात करणाऱ्या घरांची नावे मालकीच्या रकान्यात नाहीत. आल्वारा (पोर्तुगीज काळातले जमिनीचे सरकारी पट्टे) वेगळे, आफ्रामेंत (वार्षिक खंडावरचे कायमचे पट्टे) वेगळे. कूळ 1964 च्या कायद्याखाली, मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, 1975 च्या. हे सगळे एका ‘मालक’ शब्दात कोंबले, की सर्वांत आधी बाहेर पडतो तो कागद नसलेला माणूस.

उपाय लिहिता येतो, आणि तो समितीनेच लिहावा. व्याख्येत ‘वैवाहिक जोडीदार, कायदेशीर वारस, तसेच कूळ, मुंडकार किंवा अन्य कायद्याने हक्क असलेली व्यक्ती यांचा समावेश होतो’ असे शब्द घालावेत. नोटीस पंचायतीच्या फलकावर आणि दोन स्थानिक दैनिकांत प्रसिद्ध करावी, आणि मुदत यांतील शेवटच्या प्रसिद्धीपासून मोजावी. आणखी एक परंतुक हवे: अन्य कायद्याखाली प्रलंबित असलेल्या दाव्यावर या कायद्याचा परिणाम होणार नाही. त्याशिवाय एकाच घराबद्दल दोन अधिकारी दोन आदेश काढतात.

प्रकरण कोणी चालवायचे ते अधिकारक्षेत्र बदलतानाही सांभाळावे लागते. 2014 च्या दुरुस्तीने कुळांची प्रकरणे मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे नेली आणि पुढे ती परत मामलेदारांकडे आणावी लागली. वकिलाचा खर्च, नवे हेलपाटे, अर्ध्यावर आलेली साक्ष, हे सारे मधल्या काळात कुळांच्या वाट्याला आले. प्रलंबित प्रकरणे कुठल्या टप्प्यापासून पुढे चालवायची, झालेली साक्ष ग्राह्य धरायची का, हे संक्रमणाच्या कलमात स्पष्ट लिहायचे असते.

शुक्रवार

आज फक्त कामाची पद्धत.

कागदाचे तीन रकाने करावेत. पहिल्यात मूळ कायद्याचे आजवरच्या सर्व दुरुस्त्यांसह असलेले कलम, दुसऱ्यात विधेयक लागू झाल्यावर ते कसे वाचले जाईल, तिसऱ्यात परिणाम कोणावर. दुसरा रकाना स्वतः लिहून काढावा लागतो, कारण विधेयकात ‘पोटकलम (2) मध्ये अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत’ एवढेच असते आणि त्यावरून अर्थ लागत नाही. अनेक घोटाळे हा रकाना भरताना सापडतात. एक पोटकलम वगळले, पण दुसऱ्या कलमात त्याचा हवाला तसाच राहिला. अपील 30 दिवसांत म्हटले, पण आदेशाच्या तारखेपासून की आदेश मिळाल्यापासून ते लिहिले नाही. ‘आणि’ च्या जागी ‘किंवा’ पडले आणि दोन अटींपैकी एक पुरेशी झाली.

समितीला सगळे करता येत नाही. तिने सुचवलेली दुरुस्ती विधेयकाच्या व्याप्तीत बसली पाहिजे. विधेयकाने न उघडलेले मूळ कायद्याचे कलम सहसा उघडता येत नाही, आणि सभागृहाने मान्य केलेल्या तत्त्वाच्या विरुद्धही जाता येत नाही. ‘हे कलम वगळावे’ ही दुरुस्ती धरत नाहीत; त्यासाठी कलम मताला येईल तेव्हा विरोधात मत द्यायचे. विषय समवर्ती सूचीतला असेल आणि केंद्रीय कायद्याशी टक्कर होत असेल, तर अनुच्छेद 254 प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. हे आधी ओळखले नाही तर चांगला कायदाही पहिल्याच खटल्यात पडतो.

अहवालात एकमत नसेल तर मतभेदाची टिप्पणी जोडता येते. विरोधी सदस्यांनी ती सभात्यागापेक्षा मोलाची मानावी. न्यायालयात कलमाचा हेतू तपासताना, आणि पुढच्या सभागृहात तोच कायदा दुरुस्त करताना, ती टिप्पणी लोक शोधून वाचतात. एक धोका मात्र आहे: विधानसभा विसर्जित झाली की प्रलंबित विधेयक व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते, आणि समितीचे कामही त्यासोबत जाते. अधिवेशन संस्थगित झाल्याने तसे होत नाही. त्यामुळे अहवालाची मुदत प्रस्तावातच घालून घ्यावी आणि मुदतवाढ मागायची तर कारण नोंदवावे.

रविवार

उरले नियम. विधेयकाच्या शेवटाकडे ‘सरकारला राजपत्रात अधिसूचना काढून नियम करता येतील’ असे कलम असते आणि सगळे ते वाचून सोडून देतात. नगरनियोजन कायद्यात 2023 च्या दुरुस्तीने कलम 17(2) आले. प्रादेशिक आराखड्यातील अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगत झोन दुरुस्त करण्यासाठी ते आहे, असे सांगितले गेले. त्याआधारे एकेका सर्व्हे क्रमांकाचे झोन बदलत गेले, आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम व मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. ‘चूक’ म्हणजे नेमके काय, ती कोणी दाखवायची, हरकती कोणी ऐकायच्या, भातशेती आणि डोंगरउतार यांना हात लागणार का, हे कलमातच बांधून टाकता आले असते. निकाल येईपर्यंत डोंगर कापला गेला असेल तर तो परत भरता येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द विधेयकात जिथे जिथे आहेत तिथे लाल खूण करावी आणि प्रत्येक खुणेला विचारावे: हे नियमांवर सोडण्यासारखे आहे का? अर्जाचा नमुना आणि शुल्क सोडावे. पात्रता, क्षेत्रमर्यादा, अपील आणि हरकतीची मुदत कधीही सोडू नये. नियम मसुदा स्वरूपात आधी प्रसिद्ध करणे आणि नंतर विधानसभेच्या पटलावर ठेवणे बंधनकारक करावे, आणि सभागृहाला ते बदलता किंवा रद्द करता येतील असे शब्द घालावेत.

लोकांनी निवेदन द्यायचे तर त्याचीही रीत आहे. ‘हे विधेयक गोंयकारविरोधी आहे, मागे घ्या’ असे लिहिलेल्या शेकडो पत्रांचे समिती फार काही करू शकत नाही. वरती कलमाचा क्रमांक, खाली सध्याचे शब्द, त्याखाली तुम्हाला हवे असलेले शब्द, आणि चार ओळींत कारण. शक्य असेल तर गावातल्या एखाद्या प्रकरणाचा सर्व्हे क्रमांकासह दाखला. एका कागदावर एकच कलम. विधेयकाचा अधिकृत पाठ इंग्रजीत असतो, म्हणून सुचवलेले शब्द इंग्रजीतही जोडावेत; त्यामागचे कारण मराठीत किंवा कोकणीत दिले तरी चालते. सातव्या कलमावरचे कागद सातव्या कलमाच्या दिवशी एकत्र टेबलावर येतात आणि सदस्याला जसेच्या तसे मांडता येतात. साक्षीला बोलावले तर लेखी दिले आहे तेच परत वाचू नये. सदस्य काय विचारतील त्याची तयारी करून जावे आणि नकाशा, उतारे, आदेशाच्या प्रती सोबत न्याव्यात. बैठकीतला तपशील अहवाल सभागृहात येईपर्यंत बाहेर सांगायचा नसतो, तो विशेषाधिकाराचा विषय होतो.

मंजुरीनंतरही राजपत्र पाहत राहावे. वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रियेचा कायदा 2012 चा, पण तो अमलात आला 22 सप्टेंबर 2016 पासून. पहिल्याच कलमात ‘सरकार नेमील त्या तारखेपासून’ असे लिहिलेले असले, की मधल्या काळात जुनाच कायदा चालतो. समितीने हवे तर तिथे ‘आणि ती तारीख संमतीपासून सहा महिन्यांच्या आत असेल’ एवढे जोडावे.