आमची वाटचाल : दोन पेनं, एक पेन्सिल आणि एक फ्लेक्स

परवा ॲडमिशनला आलेल्या एका पालकांनी विचारलं, सर, तुमच्याकडं इतिहासाचा तास नाही, भूगोलाचा नाही, निबंधाचा पण नाही, मग पोरं सकाळभर करतात काय? इतकी वर्षं झाली तरी हा प्रश्न काय सुटत नाही, म्हणलं एकदा लिहूनच टाकावं.

२०११ च्या जूनमध्ये सांगलीत गावभागातल्या एका भाड्याच्या वाड्यात ९ पोरांवर ही शाळा सुरू केली. पाचवी ते आठवी. सामाजिक शास्त्रांचे सगळे विषय आणि लिखाण एकत्र, वर्षाला एकच विषय धरायचा, नदी म्हणा, बाजार म्हणा. एका पोराने आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणला, त्यावर जिल्हा 'दक्षिण सातारा', झालं, वर्गात भांडणच लागलं, निम्मी पोरं म्हणे तुझे आजोबा साताऱ्याचे. मग शोधता शोधता कळलं की १९४९ ला संस्थानं विलीन झाल्यावर दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा केला आणि १९६० ला त्याचंच नाव सांगली झालं. एका दाखल्यावर इतिहास, नकाशा, कारभार सगळं झालं आणि प्रत्येकाची चार चार पानं लिहून झाली. आता सांगा, तासाचं नाव काय ठेवू?

हे डोकं माझं नाही, बाईंचं. बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतनं रिटायर झालेल्या, पहिल्या दिवसापासनं माझ्या पार्टनर. पैसे माझे, बाकी सगळं त्यांचं. वहीचा नियम त्यांनीच घातला: डोळ्यांनी पाहिलेलं निळ्या शाईने, ऐकलेलं-वाचलेलं हिरव्या शाईने आणि स्वतःला वाटलेलं पेन्सिलने, कारण वाटणं उद्या बदलू शकतं. शाईचंच पेन, बॉलपेन नाही, बॉलपेनने पोरं पळतात म्हणायच्या. दौती मी घाऊक आणायचो, फरशीवरचे डाग अजून आहेत. हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची साठवणीची कोठारं, बघायला गेलो तेव्हा एका पोरीने निळ्यात लिहिलं, "तोंड एवढंसं आहे, आत अंधार आहे," हिरव्यात लिहिलं की काका म्हणाले आत आधी कंदील सोडायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही, आणि खाली पेन्सिलने, "काका हसत सांगत होते पण मला भीती वाटली." पाचवीतली पोर! असं वाक्य गाइड पाठ करून येत नाही.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ऑगस्ट २०१९, कृष्णेचा महापूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. वाड्याचा तळमजला पूर्ण आत. २००५ चं पाणी जिथवर आलं होतं त्याच्या वर कपाटं ठेवलीत म्हणून मी निवांत होतो, तो माझा मूर्खपणा. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर गुडघाभर गाळ आणि त्यात आठ वर्षांच्या वह्या. एक एक पान सोडवून नायलॉनच्या दोरीवर चिमट्याने लावलं. निळं गेलं, हिरवं गेलं, नुसते ढग राहिले. पेन्सिल तेवढी जशीच्या तशी! पानंच्या पानं फक्त "मला वाटलं", "मला वाटलं". मी कट्ट्यावर बसून रडलो, बाई म्हणाल्या, पाहिलेलं गेलंय ना, मग परत जाऊन बघू, पुलाखालनंच सुरू करू.

आणि आमचा गाळ काढून व्हायच्या आत गावातल्या एका मोठ्या शाळेने फ्लेक्स लावला, 'एकात्मिक मानव्यविद्या व लेखन वर्ग', खाली पूरग्रस्तांना फीमध्ये सवलत. आमची १४ पोरं गेली, ४३ मधली. पालकांचा राग नाही, ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याने सवलत घ्यावीच. राग याचा की त्यांचा वर्षाचा आराखडा म्हणजे आमचीच फाइल होती. पुरावा? आमच्या पत्रकात टायपिंगला माझीच चूक झाली होती, आयर्विन पूल सुरू झाला १९२९ ला आणि मी आकडे उलटे मारून १९९२ केलं होतं. त्यांच्या फ्लेक्सवर नदीच्या फोटोखाली ठळक अक्षरात १९९२. ब्रिटिश व्हाइसरॉयच्या नावाचा पूल १९९२ ला? एवढं पण कुणाला खटकू नये? भेटायला गेलो तर रिसेप्शनवर अर्धा तास बसवलं आणि मॅनेजमेंट बिझी आहे म्हणून सांगितलं.

त्या वर्षी शाळा बंदच करणार होतो. वखारभागातले एक हळदीचे अडते, त्यांच्या दोन मुली आमच्याकडं, स्वतःच्या गोडाऊनमधला माल भिजलेला, आणि माणूस दिवाळीच्या आधी येऊन पुढच्या पूर्ण वर्षाची फी टेबलावर ठेवून गेला. पावती पण घेतली नाही. म्हणाला, सर, धाकटी परवा अडतीवर येऊन हमालांना विचारत होती की पोत्याला किती मिळतात, आणि लिहून घेत होती, तेवढं बंद करू नका. मी पावती नंतर घरी पाठवली, त्यात नियम म्हणजे नियम.

नवीन शाळा काढणाऱ्यांना सांगतो, कुणी विचारलेलं नाही तरी सांगतो: डिजिटल बोर्डच्या नादाला लागू नका, आधी जिना असलेली जागा बघा, वह्या वरच्या मजल्यावर ठेवा आणि लाल पेनने पोरांचं लिखाण कापू नका, समासात प्रश्न लिहा. आणि फाइल कुणाला 'जरा बघायला' म्हणून देऊ नका.

आता पट ५१ आहे. बाई आठवड्यातनं दोनदा येतात, गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, म्हणून त्यांचा वर्ग तेवढा खाली अंगणात. पत्रकातला आकडा मी त्याच वर्षी दुरुस्त केला. त्या मोठ्या शाळेचा फ्लेक्स दर जूनला नवा येतो, फोटो बदलतो, १९९२ तसंच असतं. रोज येता-जाता बघतो. अजून कळवलेलं नाही.