कुठल्या पार्टची भीती वाटते?

प्रश्न बहुतेक वेळा फोटोबरोबर येतो. धुऊन-पुसून चकचकीत केलेली गाडी, बोनेटवर ऊन पडलेलं, आणि खाली ओळ असते, "ताई, गाडी पसंत आहे. डीलर म्हणतोय 22 हजार भरा, दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी देतो. घेऊ का?"

पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये मी 11 वर्षं वॉरंटी डेस्कवर होते. त्यामुळे नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, मुलीच्या शाळेतले पालक, सगळे हा प्रश्न माझ्याकडे पाठवतात. त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं असतं. मी मात्र उलटा प्रश्न करते. या गाडीतल्या कुठल्या पार्टची भीती वाटते तुम्हाला? नाव सांगा.

नाव कुणालाच चटकन सांगता येत नाही. "अहो, जुनी गाडी, काहीही निघू शकतं," असं उत्तर येतं. काहीही निघू शकतं हे खरंच. पण वॉरंटी 'काहीही'ला लागू होत नाही, ती कागदावर छापलेल्या पार्टच्या यादीला लागू होते. हे मला स्वतःला कसं कळलं ते आधी सांगते, कारण तुम्ही विचारलंत तर पूर्ण उत्तर द्यायला हवं.

2018 साली आम्ही सहा वर्षं वापरलेली डिझेल हॅचबॅक घेतली. 86 हजार किलोमीटर झालेले, एकच मालक. डीलरने 14 हजारांत वर्षभराची 'इंजिन आणि गिअरबॉक्स' वॉरंटी दिली. तेव्हा मी रोज कंपनीच्या वॉरंटीचे क्लेम करत होते. ग्राहक यायचा, आम्ही पार्टचे फोटो काढायचो, जॉब कार्ड भरायचो, कंपनीकडून मंजुरी यायची. काढलेल्या जुन्या पार्टला चिठ्ठी बांधून तो तपासणीसाठी स्टोअरमध्ये ठेवायचो. वॉरंटी म्हणजे हे असंच चालतं अशी माझी पक्की समजूत होती, म्हणून डीलरच्या कागदाचं मागचं पान मी वाचलंच नाही.

मे महिन्यात वाईला माहेरी निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या. पुढे-मागे ट्रक, बाजूला घ्यायला जागा नाही, म्हणून यजमानांनी तशीच माथ्यापर्यंत गाडी नेली. तिथे थांबलो तेव्हा बोनेटमधून वाफ येत होती. टो करून गाडी साताऱ्याला न्यावी लागली.

वॉटर पंपाचं सील गेलं होतं. त्यातून इंजिन थंड ठेवणारं कूलंट वाहून गेलं, इंजिन तापलं, हेड गॅस्केट उडालं आणि हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, बाक आला. आमच्या मते हे सरळसरळ इंजिनचं काम होतं. करारात मात्र इंजिन म्हणजे पिस्टन, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, असे आतले, ऑइलमध्ये फिरणारे पार्ट. वॉटर पंप यादीत नव्हता. आणि यादीबाहेरच्या पार्टमुळे यादीतल्या पार्टचं नुकसान झालं, तर ते 'परिणामी नुकसान' म्हणून वगळलेलं. शिवाय काटा लाल रेषेवर गेल्यावरही गाडी चालवली, हे वेगळं कलम. बिल 41 हजारांचं आलं.

त्यातले 6 हजार कशाचे, हे सांगितलंच पाहिजे. क्लेम द्यायचा की नाही हे ठरवायला इंजिन उघडावं लागतं. उघडण्यापूर्वी ग्राहकाकडून एका कागदावर सही घेतात, की क्लेम नामंजूर झाला तर उघडण्याची मजुरी मी देईन. गाडी परगावी बंद पडलेली असते, मुलं कंटाळलेली असतात, अशा वेळी तो कागद कोण वाचतो? आमच्या वर्कशॉपमध्ये लोकांच्या अशा सह्या मी शेकडो वेळा घेतल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी दिली. त्यानंतर डेस्कवर मी सही घेण्याआधी ते कलम मोठ्याने वाचून दाखवायला लागले. रांग वाढायची, मॅनेजर घड्याळ दाखवायचे, पण ती सवय मी शेवटपर्यंत सोडली नाही.

म्हणून मी पार्टचं नाव विचारते. नाव एकदा सापडलं की निर्णय बराचसा आपोआप होतो.

समजा साधी पेट्रोल गाडी आहे. टर्बो नाही, गिअर हाताचे, पाच-सहा वर्षं जुनी, सर्व्हिस वेळेवर झालेली. अशा गाडीत आपल्या रस्त्यांवर आधी काय जातं? क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, सस्पेंशनचे बुश, शॉकअप. हे सगळं झिजेच्या सदरात मोडतं आणि झीज जवळजवळ प्रत्येक करारात वगळलेली असते. जे वॉरंटीत बसतं, म्हणजे इंजिनचे आतले पार्ट आणि गिअरबॉक्स, ते अशा गाडीत ऑइल वेळेवर बदललं असेल तर सहसा जात नाहीत. मग 22 हजार कशासाठी द्यायचे? अशा वेळी मी सरळ नको म्हणते. तेच पैसे गाडीच्या नावाने वेगळे ठेवा. क्लच गेला, एसीचा कॉम्प्रेसर गेला, सेल्फ गेला, तरी त्यातून खर्च करता येईल आणि कुणाची मंजुरी मागावी लागणार नाही. पार्ट कुठेही मिळतो की नाही, हेही यात मोजायचं. फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्या रांजणगावला बनत होतं आणि मारुतीपासून टाटापर्यंत अनेकांच्या गाड्यांत बसलं. त्याचं काम करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावातही भेटतो. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांत पार्ट मिळणारी गाडी असेल तर भीती निम्मी होते.

आता दुसरी बाजू. बारामतीच्या एका शिक्षिकाबाईंची ऑटोमॅटिक गाडी आमच्याकडे आली होती, ड्युअल क्लच गिअरबॉक्सची. त्यांनी ती पाच वर्षं जुनी असताना घेतलेली. सिग्नलला गाडी धक्के द्यायची, एकदा गिअर पडेनाच. गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारं कंट्रोल युनिट, गेलं होतं. बिल 1 लाख 70 हजारांच्या घरात. पहिल्या मालकाने कंपनीचीच एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती आणि गाडी घेतल्यावर बाईंनी आरसी ट्रान्सफर झाल्या झाल्या तीही लेखी अर्ज देऊन स्वतःच्या नावावर करून घेतली होती. ऑइल आणि किरकोळ सामानाचे साडेचार हजार त्यांनी भरले, बाकी कंपनीने. गाडी घेऊन जाताना त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि पेढे देऊन गेल्या. अशी गाडी घेणाऱ्याला मी स्वतःहून सांगते, वॉरंटी घ्याच. इथे भीतीला नाव आहे, त्या नावाचा पार्ट यादीत आहे, आणि तो एकटा पार्ट घरातली वर्षाची बचत संपवू शकतो. तिन्ही गोष्टी जुळल्या की पैसे योग्य ठिकाणी गेले.

काही वेळा भीतीला नाव असतं, पण करार तिथे हात वर करतो. एप्रिल 2020 नंतरच्या, बीएस 6 या प्रदूषणाच्या नियमातल्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. रोज कोथरूड ते डेक्कन एवढंच चालवलं, तर तो साफ व्हायला लागणारी उष्णता तयारच होत नाही आणि फिल्टर चोंदतो. चोंदणं हा वापराचा दोष धरतात, पार्टचा नाही. शहरातल्या शहरात गाडी चालवणाऱ्याने डिझेलवर वॉरंटी शोधण्यापेक्षा पेट्रोल गाडी शोधावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

यादीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे शब्द कोण देतंय. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी असेल तर देशभरातल्या तिच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये चालते. बाहेरच्या वॉरंटी कंपनीची असेल तर ठरलेल्या गॅरेजांतच जावं लागतं आणि एका क्लेमला, तसंच वर्षभराच्या सगळ्या क्लेमना मिळून, रकमेची मर्यादा असू शकते. आणि डीलरच्या लेटरहेडवर लिहून दिलेली असेल, तर ती त्याचं दुकान चालू असेपर्यंतच. तिन्हींना बोलताना आपण एकच शब्द वापरतो, तिथेच घोटाळा होतो.

कंपनीची मूळ वॉरंटी शिल्लक आहे का, हे तर सगळ्यात आधी बघायचं. मारुतीने जुलै 2024 पासून विकलेल्या गाड्यांना 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटरची वॉरंटी दिली आहे. म्हणजे दोन वर्षं वापरलेली अशी गाडी घेताना डीलर जे विकतोय, ते तुमच्याकडे आधीपासूनच असू शकतं. मूळ वॉरंटी चालू असतानाच कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी घेणं सहसा सोपं आणि स्वस्त पडतं. ती संपली की तो दरवाजा बऱ्याचदा बंद होतो.

सर्व्हिस रेकॉर्डशिवाय यातलं काहीच उपयोगाचं नाही. नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं होतं. मीटरवर 48 हजार, गाडी तोंडभर स्तुती करावी अशी. आमच्या सिस्टीममध्ये मात्र दोन वर्षांपूर्वीच्याच सर्व्हिसला 71 हजारांची नोंद. मीटर मागे फिरवलेला होता. गिअरबॉक्सचा क्लेम तिथेच संपला. त्यांनी काही केलं नव्हतं, तरी करारात लिहिलेलं असतं की मीटरशी छेडछाड आढळली तर वॉरंटी रद्द, कुणी केली हा प्रश्नच नाही. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. सौदा पक्का करण्याआधी जुन्या मालकाला घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि सगळ्या नोंदी काढून मागा. फार तर अर्धा दिवस जातो.

विम्याचंही सांगते, कारण "इन्शुरन्स आहे ना, मग वॉरंटी कशाला?" हे मी खूप ऐकलंय. विमा अपघात, चोरी आणि पुरासाठी आहे. आपोआप बिघडलेला पार्ट विम्यात येत नाही. आणि पाण्यात गाडी चालू करून इंजिन बसलं, तर त्यासाठी विम्यात वेगळं इंजिन प्रोटेक्शन घ्यावं लागतं, वॉरंटी त्याला हात लावत नाही. 2019 ला सांगली-कोल्हापुरात, जुलै 2021 मध्ये चिपळूणला शेकडो गाड्या पाण्याखाली होत्या. त्यातल्या काही सुकवून बाजारात आल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत मातीची रेघ दिसते का. स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघा. असं काही दिसलं तर वॉरंटीचा विचारच सोडा, गाडीच घेऊ नका.

मागच्या दिवाळीत माझ्या मावसभावाने असाच फोटो पाठवला. ऑटोमॅटिक, सात वर्षांची, वॉरंटी बाहेरच्या कंपनीची. मी त्याला डीलरला तोंडी काही विचारू दिलं नाही. व्हॉट्सॲपवर लिहायला लावलं: "गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट खराब झालं तर क्लेम मिळेल का? यादीबाहेरच्या पार्टमुळे इंजिनचं नुकसान झालं तर मिळेल का? एका क्लेमला जास्तीत जास्त किती रुपये? इंजिन उघडण्याची मजुरी कोण देणार?" डीलरने फोन केला, "सगळं कव्हर आहे हो साहेब." भावाने सांगितलं, तेच इथे लिहा. लेखी उत्तर यायला दोन दिवस लागले, आणि त्यात कंट्रोल युनिट वगळलेलं निघालं. त्याने गाडी घेतली, वॉरंटी घेतली नाही आणि ते कारण सांगून किंमत 18 हजारांनी कमी करून घेतली. लेखी दिल्याप्रमाणे कुणी वागलं नाही, तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगही आहे, आणि मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. पण आयोगापुढे दाखवायला लेखी काहीतरी हवं, म्हणून ते मेसेज जपून ठेवा.

तर आता विचाराल तेव्हा गाडीचा फोटो पाठवू नका. कराराच्या ज्या पानावर 'समाविष्ट नाही' असं लिहिलंय, त्या पानाचा पाठवा, आणि शेवटच्या तीन ऑइल बदलांची बिलं. रात्री नऊनंतर मी मोकळी असते, बसून वाचते आणि सांगते.