शेंगदाणा, पाळणाघर आणि जिजींचा गोठा

इथे ऑस्ट्रेलियात माझ्या लेकाच्या पाळणाघरात शेंगदाण्याला बंदी आहे. चटणी नाही, साबुदाण्याची खिचडी नाही, चिक्की तर नाहीच. परवा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर डब्यासकट परत आली. ज्या खान्देशात भरतापासून ठेच्यापर्यंत शेंगदाणा लागतोच, तिथल्या माणसाला याचा राग येतो. मलाही आला.

पण त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकदा नीट बघावी. ॲलर्जी असलेल्या प्रत्येक मुलाचा एक लाल कागद तिथे लावलाय. वर त्याचा फोटो, खाली त्याला काय चालत नाही, अंगावर गांधी उठल्या तर काय करायचं, श्वास कोंडला तर मांडीत इंजेक्शन कुठे टोचायचं. तिथल्या बायकांना हे कागद न बघता सांगता येतात. दुसऱ्याच्या लेकराची इतकी काळजी मी आमच्याकडच्या कुठल्या बालवाडीत पाहिली नाही, हे मोकळेपणानं सांगते.

अमळनेरच्या जाऊबाईंना हे पटत नाही. फोनवर म्हणाली, "ताई, आपल्याकडे कोणाला शेंगदाणा बाधला हो? तुमची ती जास्तीची स्वच्छताच नडते."

तिचं अर्धं बरोबर आहे. मेलबर्नमध्ये एक वर्षाच्या पाच हजारांवर बाळांची तपासणी झाली, त्याचे पहिले निष्कर्ष २०११ मध्ये आले. दहातल्या एकाहून जास्त बाळांना कुठल्या ना कुठल्या अन्नाची ॲलर्जी निघाली, शेंगदाण्याची सुमारे ३ टक्क्यांना. मला लागलं ते पुढचं. पूर्व आशियातून आलेल्या आईबापांच्या, इथे जन्मलेल्या बाळांत शेंगदाण्याची ॲलर्जी इथल्याच आईबापांच्या बाळांपेक्षा जास्त होती. रक्त तेच, फक्त गाव बदललं.

गावाबरोबर पोटातले जंतूही बदलतात. आपण ज्वारी-उडदाच्या कळण्याची नाहीतर दादर ज्वारीची भाकरी खातो, त्यातला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. हे आम्ल आतड्याचं अस्तर धड ठेवतं आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी वाढवतं. हा आवर सुटला की शरीर साध्या अन्नावरही शत्रूसारखं तुटून पडतं. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत या पेशींची घडण होत असते, म्हणून बाळाच्या पोटातल्या जंतूंवर परिणाम करणाऱ्या सिझेरियन, अँटिबायोटिक आणि अंगावरचं दूध यांचा विचार होतो. थायलंडमधून अमेरिकेत गेलेल्या मोंग आणि कारेन जमातींच्या लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. काही महिन्यांतच त्यांच्या पोटातले जंतूंचे प्रकार घटायला लागले होते, चोथा पचवणारेही कमी झाले होते, आणि तिथे जन्मलेल्या पिढीत ही घट आणखी वाढली होती.

पण स्वच्छतेवर खापर फोडलेलं मला चालत नाही. हात धुतल्यानं ॲलर्जी होत नाही. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन ख्रिस्ती पंथ, दोन्ही शेतकरी, दोघांचेही पूर्वज युरोपातले, घरं दोघांचीही नीटनेटकी. आमिशांची शेती घोड्यांवर, गोठा घराला लागून. हटराइटांची यंत्रावर, ढोरं लांब. २०१६ च्या अभ्यासात आमिश मुलांत दमा ५ टक्के निघाला, हटराइटांत २१. फरक बहुधा गोठ्याजवळच्या घरांतल्या धुळीतल्या जंतूंचा.

माझ्या सासूबाई, जिजी, धार काढायच्या तेव्हा माझे दीर म्हणे तान्हेपणी गव्हाणीशेजारी गोधडीवर पडलेले असायचे, वासरू त्यांचं टाळकं चाटायचं. तो गोठा आता आहे कुठे? तिथे ट्रॅक्टर उभा असतो. दूध पिशवीचं येतं. जिजींचा नातू जळगावच्या फ्लॅटमध्ये ब्रेड-बिस्किटांवर वाढतोय. मग माझ्या लेकाकडेच बोट का?

शेंगदाणा मी त्याला सहाव्या महिन्यापासूनच देते, बारीक वाटून पेजेत कालवून. लंडनच्या २०१५ च्या चाचणीत, ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना लवकर शेंगदाणा सुरू केला त्यांच्यात ही ॲलर्जी ८० टक्क्यांहून जास्त घटली. इथले डॉक्टरही आता पहिल्या वर्षातच द्यायला सांगतात.

जाऊबाईंच्या धाकट्याला शिंक आली की मेडिकलवाला अँटिबायोटिक काढून देतो. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते देऊ नकोस, असं मी तिला बजावलंय. ती म्हणाली, "बघते."