हाफ क्लच

पुण्यात आठ वर्षं गाडी चालवली, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये चालवली, पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून चालवली. त्यामुळे श्टुटगार्टला आल्यावर गाडी शिकायला शिक्षक लागेल असं कुणी म्हणालं असतं, तर मी हसलो असतो.

आपला परवाना जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने चालतो. पुढे लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवशिक्यांना हायवेच्या, रात्रीच्या वगैरे मिळून 12 सक्तीच्या फेऱ्या असतात. आपल्याकडे आधीचा परवाना असल्याने त्या माफ. परीक्षेला गाडी मात्र ड्रायव्हिंग स्कूलचीच लागते. मी हिशेब केला, दोन तास घेऊ आणि देऊन टाकू. ऑफिसातला मित्र म्हणाला, ऑटोमॅटिकवर दे, सोपं पडेल. पण नुसत्या ऑटोमॅटिकवर दिली तर परवान्यावर 78 हा आकडा पडतो, म्हणजे गिअरची गाडी बंद. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला हे कसं चालावं?

अकरा तास घेतले. (इथला ड्रायव्हिंगचा तास 45 मिनिटांचा असतो, हे पैसे भरताना कळतं.)

पहिल्या तासाला सिग्नल हिरवा झाला आणि माझा डावा हात सवयीने गिअरकडे गेला, तो दारावर आपटला. गिअर उजव्या हाताला. पायाखाली मात्र काही बदललेलं नाही: क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर, त्याच क्रमाने. गिअरचा नकाशाही तोच, पहिला डावीकडे वर. घोळ तिथेच आहे. पुण्यात पहिला टाकायला दांडा माझ्यापासून दूर ढकलायचो, इथे तो गुडघ्याकडे ओढायचा. पाचवा पुण्यात जवळ, इथे लांब. एकदा ताशी शंभरच्या वेगात चौथ्यातून पाचवा टाकायला गेलो आणि सवयीने दांडा स्वतःकडे ओढून वर ढकलला. तिकडे पहिला! गिअर अर्थातच पडला नाही, पण शिक्षकांचा हात माझ्या हातावर असा येऊन पडला की अजून आठवतो. वळताना वायपर सुरू होणं वगैरे तर सांगतच नाही, इंडिकेटर इथे डावीकडे.

पण खरी लाज निघाली ती डाव्या पायाची. शिक्षक साठीकडे झुकलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. तिसऱ्या तासाला म्हणाले, "तुमचा पाय क्लचवर राहायलाच आला आहे का?"

श्टुटगार्ट वाटीसारखं आहे, मध्ये शहर आणि चहूबाजूंना चढ. आल्टे वाइनश्टाइगे नावाच्या रस्त्यावरून तर 1884 पासून दातेरी चाकांची रेल्वे चढते, पुढे सायकलींचा डबा ढकलत. अशा चढावर थांबलं की मी पुणेरी पद्धतीने हाफ क्लच करून, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, गाडी जागच्या जागी तरंगत ठेवायचो. मला ते कौशल्य वाटायचं. त्यांनी काच खाली केली आणि विचारलं, "वास येतोय?" येत होता. क्लच प्लेट घासत होती.

मग एका शनिवारी औद्योगिक वसाहतीच्या रिकाम्या रस्त्यावर नेलं. अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, नुसता क्लच सोडत गाडी हलवायची. क्लच जिथे पकडतो त्या जागेला इथे श्लाइफपुंक्ट म्हणतात. पाय अर्धा इंच वर आला की इंजिनचा आवाज जाड होतो, काटा थोडा खाली येतो, सीटखाली बारीक थरथर जाणवते. तिथे थांबायचं. घाई केली की गाडी बंद. त्याला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ गळा घोटणं. त्या दिवशी मी चौदा वेळा गळा घोटला. आठ वर्षं गाडी चालवणाऱ्याने! चढावर मग हँडब्रेक ओढायचा, क्लच पकडू द्यायचा, बॉनेट किंचित उचललं की हँडब्रेक सोडायचा. परीक्षक मागच्या सीटवर बसतात. शिक्षकांनी आपल्या बाजूच्या पेडलला पाय लावावा लागला की नापास. त्यांनी लावला नाही.

डिसेंबरात पुण्याला आलो. बाबांची स्विफ्ट घेऊन साताऱ्याला निघालो. पहिल्याच चौकात उजवा हात दारावर आपटला, तो भाग सोडून देऊ. खंबाटकीच्या चढावर ट्रकांमागे गाड्या थांबल्या. मी हँडब्रेक ओढला.

"काय झालं? बिघडली का?" बाबांनी विचारलं.

"नाही, चढ आहे ना."

"मग हाफ क्लचवर धर की. हँडब्रेक काय ओढतोस शिकाऊ माणसासारखा?"

बाबा स्टिअरिंगशेजारी गिअर असलेल्या पद्मिनीवर शिकलेले, त्यांच्याशी वाद घालायची माझी टाप नव्हती. मागून हॉर्न सुरू झाले. मी क्लच सोडत गेलो, थरथर आली, हँडब्रेक सोडला, गाडी इंचभरही मागे न जाता निघाली. बाबा काही बोलले नाहीत. थोडं पुढे गेल्यावर नाक वर करून त्यांनी हुंगलं आणि काच वर घेतली.

"कुणाचा तरी क्लच जळतोय," ते म्हणाले.