पट्टी बसवली, हवा थांबली

आज महापेला आमच्या डेटा सेंटरमध्ये इंजिनिअरिंगची मुलं आली होती. सर्व्हर हॉलमध्ये शिरताना एका मुलीने स्वेटर चढवला. म्हटलं, काढ बाळा, इथे थंडी वाजली तर आमचं काम चुकलं. सर्व्हरला 18 ते 27 अंशांची हवा चालते, त्याहून गार करणं म्हणजे वीज वाया.

मग एका रॅकमधली, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटातली, मोकळी फट दाखवली. सर्व्हर पुढून गार हवा घेतात आणि मागून गरम हवा सोडतात. तिने हात धरला, मागची गरम हवा थेट पुढे येत होती. झाकणपट्टी बसवली, पुन्हा हात धरला. "सर, थांबली!" तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

तिनेच विचारलं, पर्यावरणाचं काम करायचं तर सरकारी नोकरी की कंपनी?

मी केट ब्रँट यांचं सांगितलं. आधी अमेरिकेच्या नौदलात ऊर्जेचं काम, मग ओबामांच्या काळात तिथल्या केंद्र सरकारच्या पहिल्या मुख्य शाश्वतता अधिकारी (म्हणजे पर्यावरण जपण्याचं काम बघणाऱ्या), 2015 पासून गूगलमध्ये. गूगलचं ध्येय आहे 2030 पर्यंत चोवीस तास कार्बनमुक्त वीज. आणि हे फार अवघड आहे हो! वर्षभरात वापरली तितकी स्वच्छ वीज विकत घेऊन हिशेब जुळवणं वेगळं, रात्री दोनला येणारी वीज स्वच्छ असणं वेगळं.

मीही पालिकेत अकरा वर्षं काढली. तिथे टेंडरमधलं एक वाक्य बदललं की शहरभरचे दिवे बदलतात, पण ते वाक्य बदलायलाच दोन वर्षं जातात. इथे सकाळी ठरलेलं संध्याकाळी होतं, पण कुंपणाच्या आत. मला दोन्ही हवंसं वाटतं, अजूनही.

निघताना ती म्हणाली, "उद्या कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये किती फटी आहेत, मोजते."